एकाच प्लॉटवर विद्यार्थ्यांचं वसतिगृह आणि ऑफिसं: पुण्यातल्या जागामालकांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात एखाद-दीड एकराची जागा असलेले लोक आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. दर वेळी कागदावर आकृत्या काढून समजावण्यापेक्षा उत्तरं एकदा लिहून ठेवावीत म्हणून हे पान. नियमांचे उल्लेख महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचे, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरचे आहेत. ती मुंबईला लागू नाही, त्यामुळे मुंबईकरांनी फक्त नियोजनाचा भाग वाचावा. उत्तरांमध्ये आमची मतं मिसळलेली आहेत. ती वेगळी काढायला जड जाणार नाही.

वसतिगृह आणि ऑफिस एकत्र कशाला? दोन्हीपैकी एकच बांधलं तर काम सोपं नाही का होणार?

बांधायला सोपं होईल, चालवायला नाही. नुसतं ऑफिस असलेली इमारत संध्याकाळी सातनंतर मेलेली असते. तळमजल्यावरचा चहावाला सुद्धा आठला शटर ओढतो. नुसतं वसतिगृह सकाळी दहा ते चार रिकामं असतं आणि मे महिन्यात तर वॉचमनशिवाय कोणी नसतं. दोन्ही एकत्र आली की एकाची रिकामी वेळ दुसऱ्याच्या भरलेल्या वेळेत बसते. पाण्याचा उपसा, विजेचा भार, स्वयंपाकघर, सांडपाण्याचा प्लांट, रात्रीची राखण, सगळ्यांना याचा फायदा मिळतो.

मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. कोण किती वाजता काय वापरतं याचा तक्ता आधी मांडावा लागतो. आम्ही नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी चोवीस तासांची एक पट्टी काढतो: सकाळी साडेसहाला आंघोळी, साडेनऊला ऑफिसची गर्दी, एकला जेवण, सहाला ऑफिस सुटणं, साडेनऊला मेसचं रात्रीचं जेवण, दोनपर्यंत जागणारी अभ्यासिका. ज्या वस्तूच्या वेळा जुळत नाहीत ती दोघांत वाटून घेता येते. ज्या वस्तूच्या वेळा एकमेकांवर येतात ती दोन करावी लागते. खालची बहुतेक उत्तरं या पट्टीवरूनच निघालेली आहेत.

हा परदेशी प्रकार पुण्यात चालेल का?

परदेशी कसला? लक्ष्मी रस्त्यावरचा कुठलाही जुना वाडा बघा. खाली दुकान, मधे मालक, मागच्या चौकातल्या खोल्यांत शिकायला आलेली मुलं. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची हजारो मुलं आजही ‘कॉट बेसिस’वर राहतात, आणि त्याच इमारतींत क्लासचं ऑफिस, झेरॉक्स आणि खाणावळ असते. १९५५ पासून विद्यार्थी सहायक समिती ग्रामीण मुलांसाठी वसतिगृहं चालवते आहे. तेव्हा मागणी आणि सवय दोन्ही जुनी आहेत. फक्त ही मिसळ आजवर नकाशावर न दाखवता झाली. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नऊ कॉट टाकायच्या आणि भोगवटा प्रमाणपत्रावर ‘निवासी’ लिहिलेलं असायचं. तुम्ही तीच गोष्ट उघडपणे, जिने आणि नळ मोजून करायची आहे.

माझी जागा यासाठी योग्य आहे हे कसं ओळखायचं?

चार गोष्टी बघा. जागेचा झोन, समोरच्या रस्त्याची रुंदी, मेट्रो स्टेशनचं अंतर आणि कॉलेजांचं अंतर.

रस्त्याची रुंदी सगळ्यांत महत्त्वाची, कारण निवासी झोनमध्ये ऑफिसला किती मजल्यांपर्यंत परवानगी मिळेल आणि किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम) वापरता येईल हे तिच्यावर ठरतं. प्रत्यक्ष जागेवरची रुंदी आणि विकास आराखड्यातली रुंदी दोन्ही तपासा. अनेकदा आराखड्यात २४ मीटर असतं आणि जागेवर दोन रिक्षा समोरासमोर आल्या की वाद होतो.

कॉलेजबाबत एक अनुभव सांगतो. मालक म्हणतात, ‘कॉलेज दोन किलोमीटरवर आहे.’ मुलं मिनिटांत मोजतात. वनाज ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. तो ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत वाढला. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी मार्गिका स्वारगेटपर्यंत पोचली. त्यामुळे कोथरूडच्या आनंदनगरला राहणाऱ्या मुलाला आता शिवाजीनगरचं कॉलेज ‘जवळ’ आहे. स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांत असलेली जागा वसतिगृहालाही चालते आणि ऑफिसलाही. अशी जागा असेल तर दुसरं काही बांधायचा विचार करण्याआधी हे करून बघा.

एफएसआय किती मिळेल?

पुण्यात दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीनुसार चढतात. त्याखेरीज पूरक क्षेत्रासाठी, म्हणजे जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी, वेगळा एफएसआय पैसे भरून घेता येतो, निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत आणि बिगर-निवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. म्हणून दोन्ही वापरांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या रकान्यांत ठेवा. नंतर तीन मजले ऑफिसमधून वसतिगृहात हलवले की सगळी बेरीज बदलते.

मेट्रो स्टेशनभोवतालच्या ५०० मीटरच्या टीओडी पट्ट्यात, म्हणजे मेट्रोलगत जास्त बांधकामाची मुभा असलेल्या भागात, प्लॉटचा आकार आणि रस्ता यांनुसार एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. तो सगळा वापरलाच पाहिजे असं नाही. चारचा एफएसआय म्हणजे उंच इमारत, खोल तळघर, महागडी अग्निशमन यंत्रणा आणि तीन-चार वर्षांचं बांधकाम. अडीचवर थांबून लवकर भाडं सुरू झालेली उदाहरणं आम्ही पाहिली आहेत.

दोन वेगळ्या इमारती कराव्यात, की एकावर एक?

या पानावरचं सगळ्यांत लांब उत्तर हेच, कारण एकदा पाया भरला की ते बदलता येत नाही.

एकावर एक केलं तर ऑफिस खाली आणि वसतिगृह वर, हाच क्रम. उलटा केला की सकाळी चारशे माणसं मुलांच्या मजल्यांवरून वर जातात. पण वसतिगृह वर गेलं की त्याचे तीसएक बाथरूम ऑफिसच्या छतावर येतात. हे पाइप ऑफिसमध्ये मधेच कुठेही उतरलेले चालत नाहीत. त्यामुळे मधे एक सर्व्हिस मजला लागतो, जिथे सगळ्या लाइन आडव्या फिरवून दोन-तीन शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळ्यांत, आणता येतात. हा मजला वाचवायचा मोह प्रत्येक मालकाला होतो. वाचवला तर दोन पावसाळ्यांत ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग पडतात, आणि ते पावसाचे नसतात.

जागा एक एकरापेक्षा मोठी असेल तर आम्ही शेजारी-शेजारी दोन पंख सुचवतो, खाली सामायिक तळघर आणि मधे चौक. इथे मजल्यांच्या उंचीचा प्रश्न येतो. ऑफिसला एसीचे डक्ट आणि स्प्रिंकलर धरून ३.९ मीटर लागतात, वसतिगृहाला तीन मीटरच्या आसपास पुरतात. वसतिगृहाचा मजला ३.१२ मीटरचा धरला तर ऑफिसचे चार मजले आणि वसतिगृहाचे पाच मजले दोन्हीकडे बरोबर १५.६ मीटर होतात. म्हणजे दर चार-पाच मजल्यांनी दोन्ही पंखांच्या लाद्या एका पातळीत येतात. गच्ची, पाण्याच्या टाक्या, एखादा जोडपूल, जे काही दोघांना लागणार आहे ते त्या पातळीवर ठेवायचं. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. तो न केल्यामुळे दोन पंखांमध्ये पावणेदोन फुटांची पायरी घेऊन बसलेली एक इमारत आमच्याच परिसरात आहे.

खांबांमधलं अंतर ८.४ मीटर ठेवा. तळघरात अडीच मीटरच्या तीन गाड्या त्यात बसतात. वर त्याच अंतरात ४.२ मीटरच्या दोन खोल्या किंवा २.८ मीटरच्या तीन खोल्या बसतात, आणि ऑफिसला खांब मधे न येता टेबलांच्या रांगा मिळतात. वसतिगृहाचा पंख मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या असा केला तर साधारण १३ मीटर रुंद होतो. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना खिडकी हवीच. पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्याला आत यायला वाट ठेवा. ऑफिसचा पंख १६ ते १७ मीटरपर्यंत चालतो. त्याहून जाड केला की मधल्या लोकांना दिवसभर ट्यूबलाइट.

जिना आणि लिफ्ट सामायिक ठेवली तर पैसे वाचतील ना?

आमच्या सुरुवातीच्या एका कामात मालकाच्या आग्रहावरून आम्ही दोन लिफ्ट सामायिक ठेवल्या होत्या. सकाळी साडेनऊला लिफ्टमध्ये एकीकडे लॅपटॉप बॅगवाले आणि दुसरीकडे ओल्या केसांची, हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेतलेली मुलं. आठ महिन्यांत ऑफिसच्या भाडेकरूने नोटीस दिली. शेवटी इमारतीच्या बाहेरून तिसरी लिफ्ट चिकटवावी लागली, आणि ती साइड मार्जिनमध्ये, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, येत असल्यामुळे परवानगीला जी दमछाक झाली ती वेगळीच. चूक आमचीही होती. पट्टी काढली असती तर साडेनऊची टक्कर तिथे दिसली असती.

तेव्हा प्रवेशद्वार, लॉबी, लिफ्ट आणि जिना दोघांचे वेगळे, यावर आम्ही तडजोड करत नाही. सामान आणि कचरा यांची मोठी लिफ्ट मात्र सामायिक ठेवा. कचरा पहाटे, सामान दुपारी, असं वेळापत्रक लावता येतं.

आगीच्या दृष्टीने अशा इमारतीत काय वेगळं असतं?

राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे २०१६ च्या एनबीसीचा नियम असा: एकाच इमारतीत दोन प्रकारचे वापर असतील तर जास्त धोक्याच्या वापराचे नियम सगळ्या इमारतीला लागतात. दोन वापरांमध्ये २४० मिनिटं आग थोपवणारी भिंत असेल तरच त्यांना वेगळं धरलं जातं. ही चार तासांची भिंत नकाशावर पहिल्या दिवशी जाड रेघेने काढा. तिच्यातून जाणारा प्रत्येक पाइप, केबल ट्रे आणि दरवाजा म्हणजे तिला पडलेलं भोक, आणि ते भोक तेवढ्याच क्षमतेच्या साहित्याने बुजवावं लागतं.

खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत हवं, स्प्रिंकलर असतील तर ४५. ऑफिसचा जिना दीड मीटर रुंद. २४ मीटरच्या वर गेलात की आश्रयासाठी मोकळी जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये बी फॉर्म, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, भरून घ्यावा लागतो. यासाठी माणूस नेमून ठेवा. मालक हे पहिल्या दोन वर्षांनंतर हमखास विसरतात.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत आग लागली. खाली दुकानं, वर गच्चीवर बांधलेल्या शेडमध्ये क्लास. बावीस जण गेले, बहुतेक विद्यार्थी. वरून खाली यायला एकच वाट होती, आणि तीच पेटली होती. दुसरा जिना ‘वाया जातो’ असं कोणी म्हणालं की आम्ही सुरतची बातमी समोर ठेवतो. या मुद्द्यावर आम्ही काम सोडलेलं आहे.

तळघरात अभ्यासिका केली तर? जागा तशीही रिकामी असते.

नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या राजेंद्र नगरात एका कोचिंग संस्थेच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. त्याच आठवड्यात खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांचे तळमजले भरले होते. तळघर म्हणजे गाड्या, पंप, टाक्या. माणसं बसवायची नाहीत.

नदीजवळ जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर मागून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मधे बांधकामावर बंधनं आहेत.

अभ्यासिका पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, चौकाकडे तोंड करून ठेवा. ती रात्रभर उघडी राहणार. तिचा दिवा चौकात पडला की तिथे रात्री दोनला सुद्धा कोणीतरी जागं असल्यासारखं वाटतं, आणि ते वॉचमनपेक्षा उपयोगी पडतं.

खोली केवढी असावी? एकेकट्याची की दोघांची?

एकेकट्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंद ठेवा, बाथरूम सोडून. दोघांची खोली ४.२ मीटरच्या मापात आरामात बसते. तिघांच्या खोलीत कॉट बसतात, पण तिसरं टेबल बसत नाही. टेबल नसेल तर ते वसतिगृह नव्हे, धर्मशाळा झाली.

मिश्रण ठेवायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं दोघांत राहतात, एमपीएससी-यूपीएससीवाले मागची तीन वर्षं आठजणांच्या फ्लॅटमधून आलेले असतात आणि परवडलं तर एकेकट्याची खोली मागतात. दोन्ही गिऱ्हाइकं एका मजल्यावर ठेवू नका. एकाचा वाढदिवस रात्री बाराला असतो आणि दुसऱ्याची पूर्वपरीक्षा सकाळी नऊला.

पाणी किती लागेल?

एनबीसीप्रमाणे वसतिगृहाला माणशी रोज १३५ लिटर आणि ऑफिसला ४५ लिटर. समजा २४० विद्यार्थी आणि ऑफिसात ४०० माणसं आहेत. २४० गुणिले १३५ म्हणजे ३२,४०० लिटर, ४०० गुणिले ४५ म्हणजे १८,००० लिटर. रोजचे एकूण ५०,४०० लिटर. यातलं फ्लशला विद्यार्थ्यामागे ४५ आणि ऑफिसमधल्या माणसामागे २० लिटर, म्हणजे १८,८०० लिटर, प्रक्रिया केलेल्या पाण्यातून भागतं. त्यासाठी नळाच्या दोन वेगळ्या लाइन पहिल्यापासून टाकाव्या लागतात. मग शुद्ध पाण्याची रोजची गरज ३१,६०० लिटरवर येते. महापालिकेचं पाणी किती तास आणि कोणत्या दाबाने येतं हे शेजाऱ्याला विचारा, कागदावरच्या उत्तरापेक्षा ते बरं असतं. साठा किमान दीड दिवसाचा, आणि अग्निशमनाची टाकी त्यात मिसळायची नाही.

सांडपाण्याच्या प्लांटबद्दल थोडं अधिक, कारण एकत्र बांधण्याचा खरा फायदा इथे दिसतो. नुसत्या ऑफिसच्या प्लांटमधले जिवाणू शनिवार-रविवारी उपाशी राहतात आणि सोमवारी वास येतो. नुसत्या वसतिगृहाचा प्लांट मे महिन्यात तसाच मरतो. एकत्र प्लांटला वीकेंडला मुलं खायला घालतात आणि मेमध्ये ऑफिस. त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारं यंत्र, मात्र कोणाच्याही खोलीखाली ठेवू नका. ती घुरघुर भिंतीतून चार मजले वर चढते.

पाचशे चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल साठवण सक्तीचं आहे, हे बहुतेकांना आता माहीत असतं.

पार्किंग दिवसा ऑफिसने आणि रात्री मुलांनी वापरलं, तर निम्मं बांधून चालेल का?

वापरात चालतं, मंजुरीत नाही. प्रत्येक वापराचं पार्किंग स्वतंत्र मोजून बेरीज मागितली जाते. तेव्हा बांधावं लागेल तेवढं बांधा, पण वेळेनुसार वाटा. मुलांकडे दुचाकी असतात. त्या तळघराच्या उतारावरून न नेता तळमजल्यावरच लावायची सोय करा, पावसाळ्यात उतारावर घसरतात. आणि रात्री अकरानंतर जेवणाचे डबे आणणारी डिलिव्हरीची पोरं कुठे थांबणार हे ठरवा. गेटजवळ एक छप्पर, एक बाक आणि पार्सलचं कपाट पुरतं. ते नसेल तर गाड्या रस्त्यावर आणि शेजारच्या सोसायटीची तक्रार चौकीत.

तळमजल्यावर काय ठेवावं?

मेस, आणि ती रस्त्याकडे तोंड करून. दुपारी मुलं कॉलेजात असतात तेव्हा ऑफिसची माणसं साडेबारा ते अडीच जेवतात. संध्याकाळी तेच टेबल मुलांचं. एकच स्वयंपाकघर दोन पाळ्यांत चालतं आणि चालवणाऱ्याला दिवसातून दोनदा गल्ला मिळतो, त्यामुळे मुलांचा महिन्याचा दर खाली ठेवता येतो. पुण्यातली मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, ही परंपरा तुमच्याकडेही येणार. म्हणून शेजारी एखादा वडापाव-डोसावाला असा ठेवा की जो रविवारी रात्री उघडा असेल.

त्याखेरीज झेरॉक्स, औषधांचं दुकान, इस्त्रीवाला. मोठ्या ब्रँडच्या शोरूमला तळमजला देण्याचा मोह होतो, भाडं चांगलं येतं. पण ती मुलांच्या कामाची नाही आणि संध्याकाळी नऊला तिचंही शटर खाली.

मुलींसाठी वेगळं काय करावं?

वेगळा पंख किंवा वेगळे मजले, वेगळी लिफ्ट, आणि त्या मजल्यांच्या खिडक्यांसमोर ऑफिसच्या काचा नकोत. दोन पंखांमध्ये किमान बारा मीटर सोडा आणि ऑफिसच्या त्या बाजूला जिने-टॉयलेट ठेवा. हे नकाशात फुकट होतं, नंतर फिल्म चिकटवून होत नाही.

पालक सगळ्यांत आधी गेट किती वाजता बंद होतं ते विचारतात. आमचं मत वेगळं आहे. रात्री दहाला कुलूप लावलं की लायब्ररीतून साडेदहाला येणारी मुलगी रस्त्यावर उभी राहते. गेट चोवीस तास, नोंद ठेवणारी माणूस-बाई चोवीस तास, आणि मेट्रो स्टेशनपासून गेटपर्यंतचे दिवे सुरू आहेत का हे दर आठवड्याला बघणं, यात जास्त सुरक्षितता आहे.

यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांप्रमाणे कॉलेजबाहेरच्या खासगी वसतिगृहांचीही स्थानिक पोलिसांकडे नोंद लागते. ती करून घ्या.

कपडे कुठे वाळवायचे?

हा प्रश्न आजवर एकाही मालकाने विचारलेला नाही. म्हणून आम्हीच लिहितो. २४० मुलं म्हणजे कुठल्याही रविवारी पाच-सातशे कपडे. जागा दिली नाही तर ते खिडक्यांच्या गजांवर येतात, आणि ऑफिसचा भाडेकरू फोटो काढून ई-मेल करतो. गच्चीवर दोऱ्यांची छपराखालची जागा, प्रत्येक मजल्यावर मागच्या बाजूला जाळीची छोटी ड्राय बाल्कनी, आणि पावसाळ्यासाठी तळमजल्यावर ड्रायरचं मशिन. गच्चीचा नकाशा लवकर काढा. तिथे सौर गरम पाण्याचे पॅनल, टाक्या, लिफ्टची खोली आणि कपडे सगळे एकाच उन्हासाठी भांडतात.

वीज?

मीटर वेगळे, कारण दर वेगळे. ट्रान्सफॉर्मर एक चालतो. ऑफिसच्या एसीचा भार दुपारी, मुलांचा संध्याकाळी सातनंतर. जनरेटर ऑफिसच्या बाजूला ठेवा.

ऑफिसं आणि विद्यार्थी यांचा एकमेकांना खरंच उपयोग होतो, की ती ब्रोशरमधली गोष्ट आहे?

ब्रोशरमध्ये ‘इंटर्नशिप तुमच्या दारात’ असं लिहायला सगळ्यांना आवडतं. प्रत्यक्षात कुठलीही कंपनी शेजारी राहतो म्हणून मुलाला घेत नाही. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांपासूनची कल्पना चांगलीच आहे, पण तिच्यासाठी कोणीतरी रोज वेळ द्यावा लागतो, इमारत ते करत नाही.

उपयोग होतो तो मीटिंग रूमचा. सहानंतर रिकाम्या पडणाऱ्या चार मीटिंग रूम जर वसतिगृहाच्या बाजूनेही उघडता आल्या, तर तिथे मुलाखतीचा सराव, गटचर्चा, प्रोजेक्टचं सादरीकरण सगळं होतं. त्यासाठी त्या खोल्या चार तासांच्या भिंतीच्या वसतिगृहाकडच्या बाजूला आणाव्या लागतात आणि ऑफिसने त्या दिवसा भाड्याने घ्याव्या लागतात. एका कामात हे जमलं. भाडेकरू आधी कुरकुरला, मग त्याच्याच एचआरने तिथे शनिवारी मुलांसाठी सत्र घेतलं.

विकायचं की भाड्याने ठेवायचं? जीएसटी किती?

ऑफिसं विकायची असतील तर महारेरात नोंदणी लागेल आणि पुढे घेणाऱ्यांची सोसायटी किंवा अपार्टमेंट संघटना होऊन जमिनीत त्यांचा हिस्सा येईल. मग मेसच्या वासापासून गच्चीच्या दोऱ्यांपर्यंत प्रत्येक गोष्ट सर्वसाधारण सभेत. पूर्ण प्लॉट स्वतःकडे ठेवून दोन्ही भाड्याने द्यावं, असं आम्ही सांगतो. विकण्याशिवाय पैसा उभा राहत नसेल तर एक पंख पूर्ण विका, वेगळ्या प्लॉटसारखी हद्द आखून, आणि वकील आधी गाठा.

ऑफिसच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. वसतिगृहाबाबत जुलै २०२४ पासून असं आहे: माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल तर करमाफी. म्हणजे सुट्टीत खोल्या पंधरा दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायच्या असतील तर त्याचा हिशेब वेगळा. सामायिक खर्चावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) करपात्र आणि करमुक्त भागांत वाटावं लागतं, त्यामुळे तुमच्या सीएला प्रकल्पाच्या सुरुवातीला बसवा, शेवटी नव्हे.

करार लीव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, मुलाच्या वडिलांची नाही.

परवानग्यांचा क्रम कसा असतो?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी, झोन दाखला. मग नकाशा, प्राथमिक फायर एनओसी, बांधकाम परवानगी, जोते तपासणी, शेवटची फायर एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी बांधकामाच्या आधी. ती रेषा अगदी थोडक्यात ओलांडत असाल तर चार खोल्या कमी करण्याचा विचार करा.

दोन्ही एकदम बांधायला पैसे नाहीत. आधी काय बांधू?

तळघर आणि प्लांट पूर्ण, त्यावर वसतिगृह. मुलं दर वर्षी जून ते सप्टेंबरमध्ये येतात, तेव्हा भोगवटा मेमध्ये मिळेल असं वेळापत्रक मागे मोजत आखा. ऑगस्टमध्ये मिळाला तर सगळी चांगली गिऱ्हाइकं कुठेतरी कॉट घेऊन बसलेली असतात आणि वर्ष गेलं. ऑफिसचा पंख नंतर उठवताना मुलं शेजारी राहत असतील, म्हणून त्याची मोठ्या आवाजाची कामं, पाइलिंग आणि कापाकापी, पहिल्या टप्प्यातच उरकून घ्या.

पुढे ऑफिसं रिकामी राहिली तर तिथे खोल्या काढता येतील का?

२०२० मध्ये सगळी ऑफिसं ओस पडली तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काढता येतात, जर तीन गोष्टी आधी केल्या असतील तर: खांब ८.४ मीटरवर, बाहेरच्या भिंतीला उघडणाऱ्या खिडक्या, आणि प्रत्येक दोन खांबांमागे एक रिकामा शाफ्ट. १६ मीटर रुंद ऑफिसच्या मजल्यात खोल्या काढल्या की मधे अंधारा पट्टा राहतो. तिथे स्टोअर, धुलाईखाना, छोटी अभ्यासिका जाते. वापर बदलाची परवानगी घ्यावी लागते आणि पार्किंग, पूरक एफएसआय सगळं पुन्हा मोजलं जातं.

उलट बदल, म्हणजे वसतिगृहाचं ऑफिस, होत नाही. ३.१२ मीटरच्या मजल्यात डक्ट घातला की डोक्याला लागतो. रिकाम्या शाफ्टचा खर्च ऐकून मालक विचारतात, ‘यात आत्ता काय जाणार?’ आत्ता काही नाही. वरून लोखंडी जाळी टाका, नाहीतर कबुतरं जातात.